कुरवांच्या चोची

वारा कुठून येतोय ते मी कुरवांकडे बघून ठरवतो. हे समुद्रपक्षी बसतात ते वाऱ्याकडे चोच करूनच, नाहीतर पिसं विस्कटतात. त्या सकाळी ज्वालामुखीच्या बेटावरचे सगळे कुरव डोंगराच्या तोंडाकडे चोची करून बसले होते. वारा तिकडचा समजून मी होडी अलीकडे लावली. वारा पाठीमागून आला आणि होडी खडकाला घासली.

"मामा, चष्मा बदल आता," भाची म्हणाली.

ती पक्ष्यांचे फोटो काढते. एकाच जागेवरून, दर दहा मिनिटांनी एक, असे बारा. त्यावरून पक्षी मोजतात. एक जरी चुकला तरी मोजणी बाद, आणि मोजणी बाद झाली की बेटावर सहलीच्या बोटी सुरू होणार होत्या. दोन वर्षं ती त्यासाठी झटत होती.

काळी राख पायाखाली कोमट लागत होती. पाचव्या फोटोनंतर तिने मला कॅमेऱ्यात बघायला बोलावलं. पहिल्या फोटोत चोची डोंगराच्या तोंडाकडे होत्या, दुसऱ्यात जरा खाली, पाचव्यात अर्ध्या उतारावर. कोणाला उतरून येताना बघत राहावं तशा. उतारावर कोणी नव्हतं. राखेत पाऊलही नव्हतं. तिला भारी गंमत वाटली. खोटं कशाला बोलू, मलाही.

आठव्या फोटोत चोची आमच्यापासून वीस पावलांवरच्या खडकाकडे होत्या. मी निघू या म्हणालो.

"चारच राहिलेत, मामा. आता उठले तर सगळं पाण्यात."

मी तिच्या आणि खडकाच्या मधे जाऊन उभा राहिलो. पक्ष्यांचा कलकलाट थांबला होता.

अकराव्याला सगळे आमच्याकडे बघत होते.

बारावा तिने श्वास रोखून काढला.

धक्क्याला लागलो तेव्हा गोदामाच्या छपरावर कुरव बसलेले होते. वारा समुद्राकडून नव्हता, तरी चोची आमच्या होडीकडे. भाचीने कॅमेरा गळ्यात अडकवला, घरी जाऊन आधी जेव म्हणून मला बजावलं आणि खुशीत रस्त्याला लागली. मी छपरावरून नजर हटवली नाही. तिच्यामागे एकही चोच वळली नाही.

पोरगी सुटली. मला हायसं वाटलं.

चोची होडीच्या मागच्या फळीकडे होत्या. मी पुढे दोर बांधत होतो. बांधून झाल्यावर धक्क्याची एक पायरी चढलो. चोची तेवढ्याच सरकल्या.

मी थांबलो.

चोची थांबल्या नाहीत.