तीन वाजता जाणारं इंटरनेट

"मेलं, परत गेलं! नेमकं तीनलाच कसं मरण येतं ह्याला!"

आई हे ओरडून म्हणाली नव्हती. ओरडायला अंगात त्राण लागतं, आणि मे महिन्यातल्या सोलापुरात दुपारी तीन वाजता ते कुणाकडेच नसतं. ती तोंडातल्या तोंडात पुटपुटली. पण चंद्रिका दाराला लागून गार फरशीवर पालथी पडली होती, तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

तिच्या शेजारी आणखी दोन देह पालथे पडले होते. एक तिचा भाऊ बसवेश, वय वर्षं दहा, आवाज मात्र चाळीशीतल्या माणसाचा. दुसरा सुट्टीला दुधनीहून आलेला आतेभाऊ सोमलिंग. तो तेरा वर्षांच्या चंद्रिकेहून एका वर्षानेच लहान होता, पण ती त्याला रोज दहा वेळा 'लहान' म्हणायची.

"काय झालं, आई?" चंद्रिकेने दार ढकललं.

लॅपटॉपच्या पडद्यावर एक गोल चक्र गरगर फिरत होतं. आईने कानावरचा हेडफोन काढून पदराने कपाळ पुसलं. एका शेगड्यांच्या कंपनीसाठी ती घरी बसून फोन घ्यायची. कुणाची शेगडी पेटत नाही, कुणाची विझत नाही, सगळं ऐकून घ्यायचं आणि वर 'धन्यवाद' म्हणायचं. मराठी आणि कन्नड दोन्ही येतं म्हणून पंधरा दिवसांच्या बोलीवर तिला ठेवून घेतलं होतं. काम रोज तीनला सुरू.

"चालू फोन तुटायची ही तिसरी वेळ," आई हळूच म्हणाली. "मॅडमचा मेसेज आलाय. उद्या पंधरावा दिवस. उद्याही तीनला लाईन तुटली, तर काम गेलं."

"आण्णांना सांगू?"

"नको!" आई इतक्या घाईने म्हणाली, की बसवेशही उठून बसला. "त्यांच्या डोक्याला कशाला त्रास? रजेवर आहेत ते. पडू दे जरा."

तिघांनी माना हलवल्या. आण्णा, म्हणजे चंद्रिकेचे वडील, रजेवर होते. संक्रांतीपासून होते. त्या वाक्याच्या पुढे या घरात कुणी जात नसे.

चंद्रिका मधल्या खोलीत गेली. तिथे भिंतीतल्या देवळीत राउटर ठेवलेला होता आणि त्याच्याखाली कॉटवर आण्णा बसले होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या युनिटमध्ये आण्णांनी सव्वीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त केले होते. मांडीवर पेपर होता, पण तो कालचा होता. राउटरचे हिरवे दिवे भराभर लुकलुकत होते.

"काय गं चंदे?"

"काही नाही. बशाचं कार्टून अडकलं."

"येईल आत्ता. दमलंय ते."

आणि खरंच, चार-पाच मिनिटांत आतून आईचा आवाज आला, "नमस्कार, हेळ्री... हो ताई, बोला ना..." आवाज गोड होता. चंद्रिकेला मात्र त्यातला थकवा बरोबर ऐकू आला.

जिन्यातल्या सावलीत तिघांची बैठक भरली.

"पहिला संशयित," चंद्रिका वही उघडून म्हणाली, "बसवेशची क्रिकेटची गेम. सगळं नेट तीच खाते."

"माझ्यावर आळ नको!" बसवेश गरजला. "तीन वाजता माझा मोबाईल चार्जिंगला असतो!"

"मग घूस," सोमलिंग म्हणाला. "आमच्या दुधनीत घुशीनं वायर खाल्ली होती. अख्खी गल्ली बंद!"

"तुमची घूस घड्याळ बघून खाते का रे? रोज तीनला?"

"यप्पा! शहाणी घूस असंल की!"

शेवटी केबलवाल्या बिरुदेवला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बंद करून चालू करा," बिरुदेव जांभई देत म्हणाला.

"केलं, दादा."

"मग परत करा."

"तुम्ही येऊन बघा की एकदा!"

"बघायचं काय त्यात? वरूनच प्रॉब्लेम हाय. नायतर खोकं गेलं आसंल. नवं बसवाय लागतंय. उद्या-परवा येतो." फोन बंद.

"ह्याचा उद्या म्हणजे तुमच्या सोलापूरचं नळाचं पाणी," सोमलिंग म्हणाला. "येतंय येतंय म्हणायचं!"

"मग आपणच बघायचं," चंद्रिका म्हणाली. "बिरुदेवदादा न बघता बोलतो. आपण बघून बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून तपास सुरू झाला. आधी घरातले सगळे मोबाईल वायफायवरून काढले आणि एकट्या लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. छान चालला! मग लॅपटॉप उचलून आईच्या कामाच्या जागी नेला, दार लावून बघितलं, कूलर चालू करून बघितलं. चालला! बसवेशने कूलरपुढे तोंड धरून "आ-आ-आ" केलं तरी चालला.

"याचा तपासाशी काय संबंध?" चंद्रिकेने विचारलं.

"काही नाही. गार वाटतं."

मग सगळे गच्चीवर. फरशी तापायला लागली होती, पाय ठेवला की उचलावासा वाटे. खांबावरून आलेली काळी वायर सोमलिंगने टाकीवर चढून बोटाने चाचपत शेवटपर्यंत पाहिली. कुठे चावलेली नाही, वाकलेली नाही, सांधा सैल नाही.

"घूस निर्दोष!" त्याने वरून जाहीर केलं.

खाली अंगणात शेजारच्या गिरिजाकाकू आईशी बोलत होत्या. "काय गं, आण्णांची रजा संपली नाही का अजून?"

"संपेल की," आई म्हणाली आणि वाळत घातलेला, कोरडा झालेला टॉवेल पुन्हा एकदा झटकू लागली.

गच्चीवर तिघांना ते ऐकू आलं. मग बसवेश मोठ्याने म्हणाला, "चला चला, पुढचा तपास!" आणि सगळे उगाचच धावत खाली उतरले.

आण्णा भाजी आणायला गेले होते. चंद्रिकेने राउटर उचलून उलटा केला. तळाला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर आकड्यांचा एक पत्ता होता आणि खाली पासवर्ड.

"शाळेत कॉम्प्युटरच्या मॅडमनी दाखवलं होतं," ती म्हणाली. "राउटरचं स्वतःचं एक पान असतं. हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की उघडतं. आपण फक्त वाचायचं, बदलायचं काही नाही. बशा, हात मागे!"

पान उघडलं. इंग्रजी शब्दांची नुसती रांग! सोमलिंगने बोट ठेवून एकेक ओळ वाचायला घेतली. "सिस्टीम अपटाइम... तीन तास सहा मिनिटं. हे काय?"

"म्हणजे राउटर चालू होऊन किती वेळ झाला ते." चंद्रिका थबकली. "तीन तास? पण हा तर रात्रभर चालू असतो!"

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. बसवेशने बोटांवर उलटं मोजलं. "सात! सातच्या सुमाराला चालू झाला!"

"लाईट गेली होती का सातला?"

"छे! पंखा बंद पडला असता तर मी उठलो असतो की! मी साडेआठपर्यंत झोपलो होतो."

हा पुरावा बिनतोड होता. बसवेशच्या झोपेबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

"म्हणजे लाईन गेलीच नाही," चंद्रिका सावकाश म्हणाली. "लाईन गेली तर राउटर चालूच राहतो, नुसता लाल दिवा लागतो. आणि अपटाइम वाढत राहतो. तो पुन्हा शून्यापासून सुरू झाला, म्हणजे लाईट असताना कुणीतरी राउटरच बंद केला. सकाळी सातला. आणि काल दुपारी तीनला."

"सात आणि तीन," सोमलिंग म्हणाला. "हे काय गणित आहे?"

यंत्रमागावर चालणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला हे गणित कळायला वेळ लागू नये. तरी चंद्रिकेला लागला. कदाचित तिला ते कळून घ्यायचं नव्हतं.

"पाळी," ती म्हणाली. "सात ते तीन पहिली पाळी. तीनला पाळी बदलते. तेव्हा माग थांबवायचा, ब्रशने त्यातला कापसाचा भुगा काढायचा, फडक्याने पुसायचा, जरा निवू द्यायचा आणि मग पुढच्या माणसाच्या हाती द्यायचा. सव्वीस वर्षं..."

तिने राउटरकडे बघितलं. सगळ्या घरावर धूळ होती, टीव्हीवर होती, कपाटावर होती. राउटर तेवढा लखलखीत होता.

"आण्णा?" बसवेशने विचारलं, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज दहा वर्षांचा वाटला.

"मग सांगून टाकू की मामांना!" सोमलिंग म्हणाला. "सोपं आहे."

"सोपं नाही," भाऊ-बहीण एकदमच म्हणाले.

"का?"

सांगायचं म्हटलं तर आईचं काम जाऊ शकतं, हे सांगायला लागणार. ते का करावं लागतंय, ते सांगायला लागणार. आणि मग ती रजा! सोमलिंगलाही ते हळूहळू उमगलं असावं, कारण तो पायाचं नख कुरतडायला लागला.

शेवटी न सांगता काम भागवायचा बेत ठरला.

दुपारी पावणेतीनला बसवेश आण्णांच्या गळ्यात पडला. "आण्णा, उसाचा रस प्यायला चला! आत्ताच्या आत्ता!"

"ह्या उन्हात? जाऊ की. तीननंतर."

"तीननंतर गाडा बंद होतो!"

"कोण म्हणतं? तीननंतरच तर गिऱ्हाईक येतं."

पहिला मोहरा पडला! पाच मिनिटांनी सोमलिंग डोकं धरून कॉटवर चढला आणि देवळीखालच्या बटणाला पाठ लावून बसला. "मामा, लई डोकं दुखतंय. मला हितनं हलता येत नाही."

"मग निजून राहा की बाळा, बसलास कशाला?" म्हणत आण्णांनी त्याला दोन्ही हातांनी उचलून अल्लद उशीवर ठेवलं. दुसरा मोहराही पडला!

तीनला दोन मिनिटं उरली. दाराआड आईने हेडफोन चढवला होता. आण्णांनी उशाखालून एक जुनं, मऊ फडकं काढलं, मग एक छोटा ब्रश. ब्रशचे केस झिजून निम्मे झाले होते. त्यांचा हात बटणाकडे गेला.

"आण्णा, थांबा!"

चंद्रिका आण्णा आणि बटण यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"ह्याला पाळी नसते, आण्णा. हा दमत नाही. बंद केला की परत उभा राहायला चार-पाच मिनिटं घेतो. तेवढ्यात आईचा फोन तुटतो. तीनदा तुटलाय. आज तुटला तर तिचं काम जाईल."

आण्णांचा हात हवेतच राहिला.

"बंद पडतंय बंद पडतंय म्हणून तुमी कुजबुजत होता," ते म्हणाले. "मला वाटलं, मशीन तापतंय. म्हणून तर जास्तच पुसत होतो." मग फडकं मुठीत धरून, "मला का न्हाई सांगितलं कुणी?"

सोमलिंग डोकेदुखी विसरून उठून बसला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले.

आतून आवाज आला, "नमस्कार! हो, बोला ताई. शेगडीचा कोणता बर्नर पेटत नाहीये?"

आण्णांनी फडकं घडी करून मांडीवर ठेवलं आणि कॉट बटणाजवळ सरकवून बसले. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. बसवेश पंख्याचं बटण दाबायला आला, तर त्यांनी त्याचा हातच धरला. "कुठलंच बटण न्हाई. सहापर्यंत कुणी हितं यायचं न्हाई!"

"आण्णा, उकडतंय!"

"उकडू दे!"

सहाला आईला दहा मिनिटांची सुट्टी मिळाली. ती दार उघडून बाहेर आली. चेहरा दमलेला, केस कानाला चिकटलेले, पण डोळे हसत होते. "आज एकदाही तुटली नाही! मॅडम म्हणाल्या, उद्यापासून पक्कं!"

बसवेश कॉटवर उड्या मारायला लागला. त्याच गोंधळात दारात बिरुदेव उभा राहिला, बगलेत नवं खोकं, पाठीला पिशवी.

"बदलायचं न्हवं?"

"नाही, दादा," चंद्रिका म्हणाली. तिने त्याला वही दाखवली, राउटरचं पान दाखवलं, अपटाइम समजावला. फक्त 'कुणी' बंद केलं, त्या जागी ती म्हणाली, "चुकून बटण बंद होत होतं."

बिरुदेवने वही दोनदा वाचली आणि मान खाजवली. "खरं सांगू का वहिनी? मी न बघताच 'वरून प्रॉब्लेम हाय' म्हणून सांगत आलोय. ह्या पोरांनी बघून शोधलं. लई हुशार पोरं हायती. माझ्याकडं कामाला लावा की!"

"आधी नववी होऊ दे," आई म्हणाली. तिने चंद्रिकेच्या डोक्यावर हात ठेवला, मग सोमलिंगच्या, आणि उडत्या बसवेशला हवेतच एक धपाटा दिला. "माझं काम वाचवलंत रे तुम्ही!"

आण्णा कॉटवरून उठले नव्हते. बिरुदेव नवं खोकं परत पिशवीत घालत सहज म्हणाला, "आन् आण्णा, तुमी हल्ली घरीच दिसता? रजा हाय व्हय?"

बसवेशच्या उड्या थांबल्या. आईने पदर खांद्यावर घेतला. "हो, जरा रजेवर..."

"रजा न्हाई गं," आण्णा तिच्याकडे बघत म्हणाले. मग त्यांनी मान वळवून बिरुदेवकडे पाहिलं. "युनिट बंद पडलंय, बिरुदेव. संक्रांतीलाच. आता ते उघडत न्हाई."