कुठलं पाणी चालेल?

फोन. ऐकू आली ती एकच बाजू.

"आत्या, उठलीस का? ... अगं, कोळंब्या मेल्या. ... खायच्या नाहीत, पाळलेल्या. खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या. ... सगळ्या. गोगलगायीसुद्धा. ... नाही, मासे ठणठणीत आहेत. ... कुणी म्हणजे काय, सासऱ्यांनी. मी चार दिवस दौऱ्यावर, ही दिवसभर कामावर, घरात ते एकटेच. आल्यापासून टाकीला पाण्यात पाहतात ते. ... हसू नकोस. आज संध्याकाळी त्यांना मेहुणीकडे नेऊन सोडणार आहे. कायमचं. ... पुरावा? म्हणून तर तुला फोन केला."

आत्या पोलिसांच्या तपास शाखेतून निवृत्त झाली होती. हे घरच्यांना अजून कुणी कळवलं नव्हतं बहुधा. तिने गुडघ्याला पट्टा बांधला आणि भाच्याकडे निघाली.

ड्रम.

टाकी हॉलच्या अर्ध्या भिंतीएवढी होती. तळाच्या दगडांवर कोळंब्या आडव्या पडल्या होत्या, पांढऱ्या, कुणी नखं कापून टाकावीत तशा. त्यांच्यावरून दोन नारिंगी मासे आरामात येरझाऱ्या घालत होते.

"यात पाणी कुठलं घालतोस?"

"मी स्वतः गाळलेलं. न्हाणीघरात वेगळी गाळणी बसवलीय. नळाच्या पाण्यातलं सगळं काढून टाकते ती. मग मी मोजून मीठ घालतो."

"आणि पाणी उडून गेलं की?"

"पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून वर नुसतं गोडं पाणी भरायचं. मी नसताना ही भरणार होती, गॅलरीतल्या ड्रममधून."

आत्याने ड्रमचं झाकण काढलं. आत पाणी काठोकाठ होतं.

"जाताना किती होतं?"

"एवढंच. भरून गेलो होतो."

"चार दिवसांत टाकी किती उतरते?"

"दोनतीन बोटं."

दोघं परत टाकीपाशी आली. टाकीही काठोकाठ होती, काचेवरच्या नेहमीच्या खुणेच्याही वर.

"ड्रम भरलेला आणि टाकीही भरलेली," आत्या म्हणाली. "मग हे पाणी आलं कुठून?"

"सासऱ्यांनी नळाचं ओतलं. दुसरं काय."

कबुली.

सासरे हॉलच्याच खुर्चीत बसले होते. दोन्ही हात समोरच्या वॉकरवर.

"व्याहीबुवा, टाकीत काही घातलंत?"

"घातलं. लिहून घ्या."

"काय घातलंत?"

"फिनेल."

"कशाने?"

"बादलीने."

"बादली कुठल्या हातात होती?"

त्यांनी दोन्ही हातांकडे पाहिलं. "उजव्या."

"आणि वॉकर?"

"विहीणबाई, माणूस गुन्हा कबूल करतोय आणि तुम्ही मोडता घालताय. नोकरीत असंच करायचात?"

"फिनेल घातलं असतं तर आधी मासे गेले असते."

"माशांचं नशीब."

"का केलंत?"

या एकाच प्रश्नाला त्यांनी वेळ घेतला. "मला थोरलीकडे जायचंय."

"मग तसं सांगायचं."

"मी कोण सांगणारा? ज्याच्या घरात राहतो त्याने सांगायचं असतं." हे ते स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले.

स्वयंपाकघर.

भाचेसून ओट्याला टेकून उभी होती. डोळे मिटलेले. आत्याची चाहूल लागताच ती दचकली आणि सवयीने म्हणाली, "बोला, काय मदत करू?" मग स्वतःच ओशाळली. ती एका तक्रार केंद्रात दिवसभर फोन घेत असे.

"पाणी दे जरा."

भिंतीवरच्या यंत्राची तोटी तिने उघडली. यंत्राच्या पोटात एक तांबूस नळी चमकत होती.

"ते काय?"

"तांबं. पाण्यात उतरतं. बाबांच्या पोटाला बरं म्हणून हे यंत्र घेतलं."

"तुझी झोप झालेली दिसत नाही."

"बाबा रात्रीचे तीनचारदा उठतात. धरून न्यावं लागतं."

"आणि हा?"

"त्याला सकाळी लवकर उठून टाकी बघायची असते." तक्रार करतेय असं वाटलंच नाही. वेळापत्रक वाचावं तसं ती म्हणाली.

दुकान. प्रश्न आत्याचे. इथे फक्त उत्तरं, शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराची.

"या, बसा. माशांकडे बघत बसा, रक्तदाब उतरतो."

"तपासलं तुम्ही आणलेलं टाकीतलं पाणी. तांबं आहे यात. हा रंग चढला तो त्याचाच."

"कोळंबी, गोगलगाय, खेकडा, यांना तांबं म्हणजे विष. मासे तेवढ्याने मरत नाहीत. माशांच्या एका औषधातच असतं ते."

"इथल्या नळाला? छे. एवढं नसतं."

"योगायोग बघा, मागच्या आठवड्यात एकीने हेच विचारलं. फोनवर. खाऱ्या टाकीला कुठलं पाणी चालेल?"

"मी म्हटलं, खास गाळणीचं चालेल, डिस्टिल्ड चालेल. प्यायच्या पाण्याच्या यंत्राचं, त्यातही तांबंवालं, अजिबात नको. कोळंब्या मरतील."

"हो, त्यांनी विचारलं. मासेही मरतील का? म्हटलं, मासे तगतील."

"नाव नाही सांगितलं. आवाज गोड होता, थकलेला. आणि फोन ठेवताना मलाच म्हणाल्या, आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का? दुकान माझं, आणि विचारणार त्या."

आत्या हसली नाही. तिने पुन्हा विचारलं, तेच शब्द होते का. तेच होते.

बैठक.

दुपारी चौघं हॉलमध्ये बसली. सासऱ्यांची बॅग भाच्याने दाराशी आणून ठेवली होती.

"बॅग राहू दे," आत्या म्हणाली. "व्याहीबुवांची कबुली खोटी आहे. दोन्ही हात वॉकरवर असलेला माणूस बादली उचलत नाही. फिनेलही नाही, कारण मासे जिवंत आहेत. टाकीत तांबं गेलंय. इथल्या नळाला तेवढं तांबं नाही आणि ड्रमला कुणी हात लावलेला नाही. या घरात तांब्याचं पाणी देणारी तोटी एकच आहे, ओट्यावरची."

"म्हणजे चुकून झालं," भाचा म्हणाला. "हिला काय माहीत."

"हिनेच दुकानात विचारून घेतलं होतं. लोक विचारतात, कुठलं पाणी चालेल. दुकानदाराने तीन पाणी सांगितली. जे चालणार नाही, ते हिने निवडलं. आणि निवडण्याआधी मासे तगतील याची खात्री करून घेतली." आत्या भाचेसुनेकडे वळली. "फोन ठेवताना तू त्याला मदत हवी का म्हणून विचारलंस, बाळ."

भाचेसुनेने नाकारलं नाही. "तोंडात बसलंय ते," ती म्हणाली.

"पण का?" भाच्याचा आवाज खाली आला होता. "टाकी नको होती तर सांगायचंस."

"टाकीचं काही नव्हतं रे. बाबांना जा म्हणायला मला तोंड नव्हतं. तुला होतं. तुला फक्त कारण हवं होतं."

"रात्री मी उठलो असतो ना."

"कधी?" तिने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

भाचा टाकीकडे बघत राहिला. मग तिकडेही बघवेना त्याला.

"दुकानाला केलेला तिचा फोन मी ऐकला होता," सासरे म्हणाले. "तिला वाटतं, खुर्चीत बसलेला माणूस झोपलेलाच असतो."

"आणि तरी आळ अंगावर घेतलात?" आत्याने विचारलं.

"पोरीला हवं तेच घडत होतं. मी कशाला आड येऊ?" त्यांनी वॉकर पुढे ओढला, उठले, लेकीसमोर येऊन उभे राहिले. तिने आधाराला हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. "आता सांग. माझ्याकडे बघून."

आत्याने या घटकेला मध्ये बोलणारे पुष्कळ अधिकारी पाहिले होते. तिने गुडघ्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधला.

"बाबा," भाचेसून म्हणाली, "थोडे दिवस ताईकडे जाता का? मला झोप हवीय."

"जातो."

ती रडायला लागली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"एवढं एक वाक्य," ते म्हणाले, "आणि त्याच्यापायी किती कोळंब्या मारल्यास."