पुढचं वाक्य

विश्वास ठेवा, नका ठेवू... पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही.

हार्लिंगन गावातलं आमचं घर. गेल्या वर्षीची चौदा नोव्हेंबर. दुपारचे चार.

मी पूर्ण बहिरी झाले, म्हणून ऑपरेशन करून कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. कानामागे मशीन लावलं की ऐकू यायचं, पण सगळे पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे. बोलणं कळायला रोज सराव लागतो. माझा नवरा डाउवे तोंडासमोर वर्तमानपत्र धरायचा, ओठ दिसू नयेत म्हणून. तो वाक्य वाचणार, मी परत म्हणणार. बरोबर म्हणेपर्यंत पुढचं वाक्य नाही. वीस झाली की कॉफी आणि एकच बिस्किट. डब्याचं झाकण लगेच बंद!

त्या दिवशी मी सातव्यालाच अडले.

"पुन्हा," डाउवे म्हणाला. "पुन्हा."

"पुरे हो मास्तर! डोकं उठलंय माझं."

"बिस्किट नको का, सीत्स्के?"

"घाल ते चुलीत!"

मी मशीन काढलं. मुद्दाम, त्याच्या डोळ्यांदेखत.

तो हसला आणि माळ्यावर काहीतरी आणायला गेला. मी त्या शांततेत मजेत विणत बसले...

सहा वाजता मी माळ्याच्या जिन्याचं दार उघडलं.

तो तळाशी पडला होता. गार.

शेजारीण औक्ये ढसाढसा रडली. "अगं, भिंतीतून ऐकू येत होतं. 'सीत्स्के, मी पडलोय.' तेच तेच, तासभर! मला वाटलं, तुमचा रोजचा अभ्यास. म्हटलं, आज फारच अडलीय बिचारी..."

तिचा काय दोष? मशीन मी काढलं होतं.

आता चार वाजायच्या आत मी मशीन बिस्किटांच्या डब्यात बंद करते. ते नसलं की मला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही.

तरीही...

"सीत्स्के, मी पडलोय."

जिन्याच्या दाराआडून. पत्र्याचा आवाज नाही. लग्नाच्या वेळी होता, तसा त्याचा खरा आवाज.

मग तो थांबतो. मी परत म्हणायची वाट बघतो.

काल मला राहवलं नाही. "माफ कर रे, चुकलं माझं," मी रडत म्हणाले.

"पुन्हा."

बरोबर म्हटलं, तर तो पुढचं वाक्य म्हणेल. त्यात तो मला काय विचारणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते वाक्य मी म्हणणार नाही.

चार वाजायला दहा मिनिटं आहेत. मशीन डब्यात ठेवलंय.