अभिमन सरांसाठी बांधलेल्या रिबिनी

हसा, हसा. पण उद्या पहाटे पिंपळनेरच्या डोंगरात तुम्हालाच रिबिनी बांधायच्या आहेत, म्हणून आज सांगतो. ऐकीव गोष्ट नाही. तरुण नावाचा एक जण देवपूरला माझ्या शेजारी राहायचा. कापडाचं दुकान सांभाळून बारा वर्षं आपल्या ट्रेकिंग संस्थेसाठी फुकट राबला.

आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. पुढचा माणूस झाडांना लाल रिबिनी बांधत जातो आणि सगळ्यांच्या मागून येणारा त्या सोडत उतरतो. जंगलात कचरा राहू नये म्हणून. तो मागचा माणूस कायम तरुणच असायचा.

२०२३ च्या ट्रेकला त्याने वरून फोन केला, "नाना, सगळे पोचले का?" मी खाली डोकी मोजली. बरोबर एक्केचाळीस. म्हटलं, "पोचले. सोड रिबिनी." त्या मोजणीत मी गाडीचा ड्रायव्हरही धरला होता. गाढव मी! आपल्याबरोबर आलेले, शाळेत शिकवणारे अभिमन सर वरच राहिले होते. अंधारात फाट्यावर आले, खूण सापडली नाही, भलतीच वाट धरली. तिसऱ्या दिवशी घळीत त्यांचं प्रेत सापडलं.

सगळ्यांनी तरुणला फाडून खाल्लं. मी गप्प बसलो. लाज वाटते सांगायला, पण बसलो.

पुढच्या वर्षी, ३० नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी तो रिबिनींचं बंडल घेऊन एकटाच निघाला. पायथ्यापासून घळीपर्यंत बांधतो म्हणाला. सरांना घरची वाट दिसू दे, एवढंच. पायथ्याच्या खेमाने अडवलं, "भाऊ, आज अमावस शे. आते वर जावानं नही." ऐकतोय कोण!

सात चाळीसला माझा फोन वाजला.

"नाना, घळीपर्यंत बांधल्या."

"झालं ना? उतर आता."

"उतरतोच आहे. पण... बॅटरी मारली. झाडांवर रिबिनी नाहीत."

"वाऱ्याने गेल्या असतील."

"दुहेरी गाठी होत्या, नाना."

मग तो आवाज खाली आणून बोलला.

"खाली कोणीतरी आहे... सोडतंय. एकेक करून."

"तरुण, पळ!"

"कुठे?" तो म्हणाला. "वाटच नाही."

मी ओरडलो, "तरुण, चूक माझी होती रे. मी मोजायला चुकलो. तुझा काही दोष नव्हता."

मी फोन कानाला दाबून धरला.

श्वास ऐकू आला. जवळून. अगदी सावकाश.

तरुण धापा टाकत होता. हा श्वास धापेचा नव्हता...

मग फोन बंद. माझं बोलणं तरुणने ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. कोणीतरी ऐकलं, एवढं खरं.

उजाडताच खेमा, मी आणि गावातली चार माणसं वर गेलो. एकाही झाडावर रिबीन नव्हती. तरुण त्याच घळीत बसलेला होता. कुठे खरचटलेलंसुद्धा नाही. डोळे उघडे. अंग थंडगार.

त्याच्या उजव्या मनगटाला एक लाल रिबीन बांधलेली होती. दुहेरी गाठ, कातडीत रुतेपर्यंत आवळलेली.

एका हाताने ती गाठ बसत नाही. मी घरी कितीदा करून पाहिली.