सोळा पानांचा पहारा

बसा. डिंकाचा वास येईल जरा, सवय होते त्याची. दुसरा कसला वास आला तर मात्र लगेच सांगा.

मी पुस्तकं बांधतो. वाचनालयाची सगळी फाटकी पुस्तकं माझ्याकडेच येतात, कारण तिथली ग्रंथपाल म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. त्या सोमवारी दुपारी ताई एक जुनी कादंबरी घेऊन आली. गोष्ट एका मठातल्या उपदेशकाची. त्याचं प्रवचन ऐकून गाव रडायचं, आणि हा गडी मठाच्या भिंतीआड एकेक पाप करत शेवटी सैतानाला आत्मा लिहून देतो.

"अरे, यातली सोळा पानं कापायची आहेत," ताई म्हणाली. "शुक्रवारच्या सभेत एक जरी सापडलं तर पुस्तक जाळणार आणि मला घरी बसवणार. बावीस वर्षं झाली रे मला तिथे."

हुकूम वाचनालयाच्या अध्यक्षांचा होता. गावात त्यांना 'धुतला तांदूळ' म्हणत, अर्थात पाठीमागे. सोळाही पानांवर त्यांनी स्वतः लाल पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या. फुल्या मारायच्या म्हणजे वाचणं आलंच. इतर पानं कोरी करकरीत होती, आणि ही सोळा हाताळून हाताळून मऊ पडली होती.

मंगळवारी ते जातीने आले. तोंडात उग्र वासाची खोकल्याची गोळी. अंगठा जिभेला लावून पान उलटायची सवय.

मी त्यांना समजावलं, "साहेब, एक कागद दुमडून मधे शिवला की त्याची दोन पानं होतात. एक कापलं की जोडीचं निखळतं. आणि या सोळांच्या जोडीला नेमकी प्रवचनं आली आहेत."

"प्रवचन ठेवा. पाप काढा."

"दोन्ही एकाच कागदावर आहेत हो."

"तुमच्या धंद्याच्या सबबी मला सांगू नका!"

कापली. प्रवचनं डिंकाने चिकटवली. कापलेली पानं रद्दीत टाकायला जीव होईना, म्हणून खणात ठेवली. खोटं कशाला बोलू, वाचायची होती.

बुधवारी सकाळी खण रिकामा. सोळाही पानं पुस्तकात परत, शिवलेली! दोरा माझाच होता. गाठ माझी नव्हती. मी डावखुरा, माझी गाठ उलटी पडते. ही सुलटी होती. माझी पाचावर धारण बसली, पण बहिणीची नोकरी डोळ्यांपुढे होती. पुन्हा कापली.

गुरुवारी पुन्हा तेच. संध्याकाळी अध्यक्ष बघायला आले.

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि सोळाही पानं सावकाश तपासली. दर पानाला "शी!" म्हणत होते. नवव्या पानाला ती "शी" इतकी लांबली, की मी पाण्याचा पेला पुढे केला.

"आज रात्री मीच पहारा देतो," घाम पुसत ते म्हणाले. "आतल्या खोलीत. बाहेरून कुलूप लावा… कोणी आत येता कामा नये."

दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असं मनात म्हणत मी कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली. बाहेर बसून डिंक ढवळत राहिलो. आतून पान उलटल्याचा आवाज यायचा… मग "शी…" मग पुन्हा पान. पहाटे चारच्या सुमाराला आवाज थांबले.

"साहेब?"

खिशातून किल्ली काढली.

दार उघडलं. खुर्चीवर चष्मा होता आणि गोळ्यांची डबी. खिडकीचे गज जागच्या जागी. माणूस नव्हता. पुस्तक मिटलेलं, आत सोळांपैकी एकही पान नाही, आणि प्रवचनं अशी घट्ट शिवलेली, की मला आयुष्यात जमलं नसतं.

शुक्रवारच्या सभेत पुस्तक स्वच्छ ठरलं. ताईची नोकरी वाचली. इतिवृत्तात लिहिलं, 'अध्यक्ष गैरहजर'. पुढे घरच्यांनी शोधलं, पोलिसांनी तर माझ्या डिंकाच्या डब्यातही डोकावून पाहिलं. मला त्यांच्या बायकोचं फार वाईट वाटतं. पण त्यांना काय सांगू?

कारण ती सोळा पानं माझ्याच खणात सापडली. ताईला सांगितलेलं नाही. रोज जेवणानंतर एकेक काढून वाचतो, निव्वळ चौकशी म्हणून. दर पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा ओला ठसा असतो. पुसला तरी ओलाच.

आज नववं होतं. मी भराभर वाचतो. वाचून झालं, उलटायला गेलो, पण पान उलटेना. कोपरा कोणीतरी खाली दाबून धरला होता.

त्यांचं अजून वाचून व्हायचं होतं.

अहो, तुम्ही असं नाक का वर केलंत? कसला… गोळीचा वास येतोय का?