कान्हानं ओ दिली

बसा रे नीट. लाइट साडेदहाशिवाय येत नाय. स्नेहल, तो कंदील जरा बारीक कर, डोळ्यांवर येतो. उद्या टाकीचा डोंगर चढायचा म्हणताय ना, चढा. आता वाट मळलेली आहे, कल्याण-डोंबिवलीची पोरं दर रविवारी जातात, दगडांवर बाणसुद्धा काढलेत. मी अडवत नाय. फक्त कान्हाचं काय झालं ते ऐकून जा.

कान्हा माझा शेजारी. आमच्या पडवीला त्याची पडवी लागून. मी भातसानगरला धरणावर कामाला, तो घरची भातशेती बघायचा. कमी बोलणारा माणूस. त्यानं हे मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, म्हणून सांगतो.

दोन हजार एक सालची भाऊबीज. शुक्रवार होता, सोळा नोव्हेंबर. कान्हाची बहीण लहानी डोंगरापल्याड मुरबाडच्या अंगाला दिलेली. एसटीनं जायचं तर शहापूरला जाऊन गाडी बदला, अर्धा दिवस मोडतो. खिंडीतून चालत अडीच तास. कान्हा सकाळीच लुगडं घेऊन निघाला, ओवाळून घेतलं, जेवला. लहानी म्हणाली, आज ऱ्हा. पण याची म्हैस व्यायला झालेली. साडेचारला निघालाच.

खिंडीत पोचला तेव्हा दिवस बुडाला होता. बीजेची कोर डोंगराआड गेली होती. खिंडीत वाट फुटते, उद्या बघालच. उजवीकडची खाली आपल्या गावात येते. डावीकडची सोंडेवरून पाण्याच्या टाक्याकडे जाते आणि पुढे कड्यावर संपते. कान्हा दगडावर टेकला, तंबाखू मळायला घेतली. तेवढ्यात डावीकडून हाक आली.

"कोणी आहे का?"

तरुण पोराचा आवाज. शहरातल्या बोलीतला. कान्हाच्या हातातली तंबाखू खाली पडली. कारण तो आवाज त्यानं आधी ऐकला होता.

आता हे नीट ऐका. त्याच्या पाच वर्षं आधी, शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये, तीन पोरं डोंगरावर आली होती. धुक्यात एक मागं राहिला. दोघं खाली उतरले, त्यांना वाटलं तो पुढं गेला असेल. त्या संध्याकाळी कान्हा खिंडीतून गुरं घेऊन येत होता. पाऊस असा, की पुढचं जनावर दिसत नव्हतं. तेव्हा हाक आली. कोणी आहे का. आपल्याकडं सांगतात ना, रानात हाक आली तर लगेच ओ देऊ नये. भूत तीनदा बोलवत नाय, माणूस बोलवतो. कान्हा गप्प राहिला. दुसरी आली. तो गप्प. तिसरीपण आली. माणूस आहे हे त्याला कळलं. पण अंधार पडत होता, गुरं बुजली होती, आणि तो भ्याला. गुरं हाकलत खाली आला आणि कोणाला बोलला नाय. तिसऱ्या दिवशी पोरगा कड्याखाली सापडला. उचलायला गेलेल्यांत कान्हा होता. मीपण होतो.

पाच वर्षं त्यानं ते पोटात ठेवलं. आणि आता खिंडीत, त्याच आवाजात...

"कोणी आहे का?"

दुसरी हाक. कान्हा उठला. उजवीकडची वाट समोर होती. गावातले दिवे दिसत होते. पळाला असता तर पाऊण तासात घरी. मला म्हणाला, "दामू, पाय उचलला होता रं मी. पण म्हटलं, या टायमाला तरी..."

तिसरी हाक आली.

"हाय," कान्हा बोलला. "मी हाय. हिकडं ये."

डोंगर गप्प झाला. किडासुद्धा ओरडेना. मग त्याच्या मागं, अगदी जवळ, सुक्या गवतात कोणीतरी पाय ठेवला.

कान्हानं वळून बघितलं नाय. "माझ्या मागनं ये," एवढं म्हणाला आणि उतरायला लागला. मागचे पाय निघाले. तो थांबला की थांबायचे. चालला की चालायचे. थोडं उतरल्यावर मागून विचारलं, "काका, खाली अजून किती लांब आहे?"

"आलंच," कान्हा म्हणाला.

शंभर पावलं. "काका, खाली अजून किती लांब आहे?" तोच सूर. जरासुद्धा फरक नाय.

"आलंच."

असं किती वेळा झालं, त्याला मोजता आलं नाय. दिवे जवळ आले. कुत्री भुंकायची थांबली. गावाची पहिली घरं दिसायला लागली, आणि मागचा आवाज बदलला. हळू झाला. कानाजवळ आला.

"काका... त्या दिवशी ऐकू आलं होतं ना?"

कान्हा उभा राहिला.

"आलं होतं," तो म्हणाला.

मागून पाय वाजले नायत. गेले पण नायत.

तो सरळ माझ्याकडं आला. अंगात फणफणून ताप. हे सगळं सांगितलं आणि विचारलं, "मी खरं बोललो, दामू. आता सोडील ना तो मला?" मी त्याला घरी नेऊन झोपवला.

शनिवारी शहापूरहून गोळ्या आणल्या. रविवारी ताप उतरला. संध्याकाळी सातला त्याच्या बायकोनं, तानीनं, त्याला पेज दिली आणि ती म्हशीला बघायला गोठ्यात गेली. परत आली तेव्हा कान्हा खाटेवर गोधडी डोक्यावरून घेऊन, भिंतीकडं तोंड करून झोपलेला. तिनं दाराला आतून कडी घातली. खाली अंथरूण टाकलं. रात्रभर त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. जड. थांबून थांबून. पहाटे चारला तिनं गोधडीवर हात ठेवला. थंडगार. ओली. घाम आला असेल, राहिलेला ताप निघतोय, म्हणून तिनं पांघरूण सारखं केलं.

उजाडलं. खाटेवर कोणी नव्हतं. कडी आतून तशीच.

आमी सरळ कड्याखाली गेलो. कोणी कोणाला विचारलं नाय, कुठं जायचं. कान्हा तिथंच होता. त्याच जागी. शहापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, जीव रात्री आठच्या आतच गेलाय.

आठच्या आत. तानीनं कडी घातली तेव्हा साडेआठ झाले होते.

गोधडी निथळत होती. खाटेखाली पाणी साचलं होतं. कार्तिकातले दिवस, महिनाभर थेंब नाय पडलेला. तानीनं ती पिळली आणि अंगणात दोरीवर टाकली. दिवसभर कडक ऊन. संध्याकाळी हात लावला तर पाणी गळत होतं. दुसऱ्या दिवशी तसंच. तेराव्याला पाहुणे आले, त्यांनी बघितलं. दोरीखालची माती भिजून चिखल झाला होता.

ती गोधडी वाळली नाय.