सायलीकडे दिलेली फाइल

"अहो, तुमचा पाय माझ्या डब्यावर आहे!"

बजाजनगरहून सुटलेल्या शेअर रिक्षात तो माझ्या समोर बसला होता. उजव्या पायाला मांडीपासून खालपर्यंत पट्टा, गुडघा दुमडत नव्हता, आणि टाच थेट माझ्या पिशवीवर!

"डब्यात काय हाय?"

"मेथीची भाजी."

"तरीच. ऑपरेशन झाल्यापासून आज पहिल्यांदा पायाला बरं वाटतंय!"

रागवायचं होतं, पण हसूच आलं. अर्ध्या तासानं हॉस्पिटलात मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं – "शिवराज!" – आणि तोच कुबड्या टेकत आत आला.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अफूच्या जातीतल्या जहाल वेदनाशामक गोळ्या किती कमी देऊन भागतं, यावर आमचं संशोधन चाललं होतं. रोज संध्याकाळी पेशंटला फोन करायचा. दुखणं, गोळ्या, व्यायाम, सगळं लिहून घ्यायचं. तीन महिने. शिवराज मूळ पिशोरचा, वाळूजला फिटर. व्हॉलीबॉल खेळताना उडी चुकली नि लिगामेंट तुटलं.

"आज किती गोळ्या घेतल्या?"

"एक. तुम्ही जेवलात का?"

"हा प्रश्न माझ्या यादीत नाही."

"माझ्या यादीत हाय की!"

त्याचा फोन मी मुद्दाम शेवटी ठेवायला लागले... म्हणजे घाई नको.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याचे शब्द जड येत होते. झोपेत बोलल्यासारखे.

"किती गोळ्या?"

"एक."

"शिवराज... खरं सांगा."



"पाच," तो हळूच म्हणाला. "मेडिकलवाला वळखीचा हाय, चिठ्ठी मागत नाय. आधी दुखायचं म्हणून घेतली. आता नाय घेतली की हात कापत्यात, घाम फुटतो."

"मग सांगितलं का नाही?"

"संशोधनातून नाव काढलं असतं तुम्ही. मग तुमचा फोन..." तो थांबला.

"नाव कुणी काढत नाही. सकाळी या. आणि घाबरून एकदम बंद करू नका."

डॉक्टर मॅडम त्याला रागावल्या नाहीत. हळूहळू डोस उतरवायचं ठरलं, दर आठवड्याला समुपदेशन. फाइलीत खरा आकडा लिहिला गेला. तो गेल्यावर मी मॅडमच्या खोलीत गेले.

"हा पेशंट माझ्याकडे नको, मॅडम."

"का गं?"

"त्याच्याशी बोलायची... मी दिवसभर वाट बघते."

चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी माझ्याबरोबर काम करणाऱ्या सायलीला हाक मारली.

मग रोजच्या फोनवर तो सायलीला विचारायचा, "तनुजा मॅडम रागावल्या का?" ती म्हणायची, "नाही. व्यायाम केला का?" शेजारच्या टेबलावर मी मान खाली घालून दुसऱ्यांचे आकडे भरत राहायचे. त्याचे काही दिवस फार वाईट गेले. पण पाचाच्या चार झाल्या, मग दोन... नवव्या आठवड्यात सायलीनं फाइलीत शून्य लिहिलं. त्या दिवशी मी कँटीनमध्ये सगळ्यांना भजी खाऊ घातली. कशाबद्दल, ते मात्र सांगितलं नाही!

त्याची शेवटची तपासणी झाली. दुसऱ्याच दिवशी दुपारी तो आमच्या तिसऱ्या मजल्यावर दारात उभा, घामाघूम.

"लिफ्ट बंद आहे?"

"चालू हाय. चढून आलो." धाप लागली होती, तरी चेहरा खुलला होता. "आता मी तुमच्या हॉस्पिटलचा पेशंट नाय ना?"

"नाही."

"मग सांगतो... तुम्ही मला लई आवडता."

मागे सायलीचं टाइप करणं थांबलं.

"फार उशीर केलात," मी म्हणाले.

त्याचा चेहराच उतरला. "म्हंजी... दुसरं कुणी?"

"म्हणजे मला तुम्ही दोन महिन्यांपूर्वीच आवडलात. म्हणून तर फाइल सायलीकडे दिली!"

तो असा हसला की कॉरिडॉरमधले पेशंट वळून बघायला लागले.

जिन्याशी आल्यावर तो थबकला. "उतरताना जरा आधार लागतो बरं का."

"खरंच?"

"नाय," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला, आणि आम्ही सावकाश, एकेक पायरी उतरत खाली आलो.